इतर

कायद्यात एक वाक्य आलं
आणि त्या वाक्यानं मला नोकरी दिली.
'यंत्राच्या प्रत्येक निर्णयावर
एका माणसाची नजर असावी.'
मस्कतला, रुवीच्या मागच्या गल्लीत,
शिंप्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला
ती नजर म्हणजे मी,
नमिता केळुसकर, मूळ गाव उभादांडा.
चष्म्याचा नंबर कंपनीनं विचारला नाही.

काम सोपं आहे.
कुठला रायडर आज रस्त्यावर, कुठला घरी,
कुणाचे किती बैसे कापायचे,
सगळं ठरून येतं.
माझ्या पडद्यावर अकरा सेकंद थांबतं.
मी अक्षता टाकते.
नाही टाकल्या तरी लग्न लागतंच,
बाराव्या सेकंदाला 'मंजूर' आपोआप हिरवं होतं.

शेतात बुजगावणं उभं करतात
पाखरांना वाटावं, माणूस आहे.
इथे माणूसच आणून उभा केला,
डोक्यावर मडकं तेवढं घालायचं राहिलं.
'हात जड करू नका,' कुरियनसाहेब म्हणतात,
'वेळ म्हणजे जोखीम.'
माझा हात हलकाच आहे.
आमच्यात त्याला होयबा म्हणतात,
पण तो शब्द करारात नाही.

मग मे महिन्यात एका दुपारी
रायडर चव्वेचाळीस-सतरा, खगेंद्र राई,
चौदा मिनिटं थांबला
वादी कबीरच्या पुलाखाली.
बाहेर सत्तेचाळीस अंश.
'विनाकारण थांबा,' पडद्यानं सांगितलं,
'खातं तीन दिवस बंद.'
फोटोत त्याच्या कपाळावर
हेल्मेटचा वळ होता.
सात सेकंद. सहा.
त्या सकाळी बसमधून उतरताना
लोखंडी दांडीला हात लागून
माझ्या बोटाला फोड आला होता.
त्याच बोटानं मी दाबलं:
नामंजूर.

आता यंत्राला कारण हवं होतं.
यादी उघडली:
नेटवर्क. अपघात. ग्राहकाची चूक. गाडीत बिघाड.
सावली कुठेच नव्हती.
तळाशी एक शब्द होता,
बिनखात्याच्या मंत्र्यासारखा बसलेला:
इतर.
तोच घेतला.

जुलैत खात्याकडून झुवैना अल-मामरी आली.
अबायाच्या बाहीवर शाईचा डाग,
आजोबांच्या मुत्राच्या दुकानात शिकलेलं हिंदी.
करक चहाला तिनं हात लावला नाही.
'तीन महिन्यांत किती वेळा नाही म्हणालीस?'
'दोनदा.'
'एक्केचाळीस हजारांत?'
'त्यातलं एक चुकून.'
ती हसली नाही. मीही नाही.
कुरियनसाहेब मात्र हसले, जरा मोठ्यानं.
'आणि दुसरं?'
मी पूल सांगितला. फोडाचं बोट सांगितलं नाही,
ते बरं झालं होतं.
तिनं वहीत उजवीकडून डावीकडे
एक शब्द लिहिला, दोन अक्षरांचा.
मी विचारलं, काय लिहिलंत?
'सावली,' ती म्हणाली, आणि वही मिटली.

ऑगस्टात अहवाल आला.
'मानवी देखरेख प्रत्यक्षात आढळते.
यंत्राविरुद्ध नकार नोंदलेले आहेत.'
नकार. अनेकवचनी.
माझी चूकसुद्धा त्यांनी मोजली होती.
कुरियनसाहेबांनी प्रमाणपत्राला चौकट केली,
ऑफिसात हलवा वाटला, केशर आणि गुलाबपाणी घातलेला,
आणि माझी पाठ थोपटली,
जशी धावलेल्या घोड्याची थोपटतात,
एरवी न धावणाऱ्या.

दोन्ही वाक्यं खरी आहेत,
हीच पंचाईत.

आता सेकंद नऊच मिळतात.
खगेंद्र राई अधूनमधून पडद्यावर येतो,
मला ओळखत नाही,
फोटोतला वळ तसाच.
यादीत मात्र 'इतर'च्या वर
एक नवी ओळ आली आहे:
'उष्णता. कमाल चार मिनिटं.'

ही ओळ झुवैनाच्या वहीतून आली
की यंत्रानं स्वतःच कुठून शिकली,
कुणी सांगत नाही.
काल जेवणाच्या सुट्टीत मी गच्चीवर गेले,
पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी राहिले
आणि घड्याळ लावून चार मिनिटं मोजली.

कानामागचा घामसुद्धा थांबत नाही तेवढ्यात.